आबांचं सीवीड

आमचे हे मला आहारतज्ज्ञ म्हणत नाहीत, धक्कातज्ज्ञ म्हणतात. नगरमधल्या लहान मुलांच्या एका दवाखान्यात मी उमेदीची सगळी वर्षं काढली, आणि संध्याकाळी घरी आले की पर्स खुंटीला लावायच्या आत माझं सुरू व्हायचं, अहो, आज काय ऐकलं माहितीये का. निवृत्त झाल्यावर मला वाटलं, आता तरी ही सवय सुटेल. पण जुन्या गोष्टी आठवल्या तरी अजून मी तशीच हादरते.

माझं काम सांगायला सोपं आहे. बाळ सहा महिन्यांचं झालं की आईच्या दुधासोबत त्याला वरचं अन्न सुरू करायचं असतं. काय द्यायचं, किती, कसं शिजवून, कशानंतर काय, हे आईला नीट समजावायचं. मग घरी गेल्यावर त्यातलं काय काय कुणी बदललं, ते पुढच्या खेपेला हळूच काढून घ्यायचं. पहिला भाग शिकता येतो. दुसऱ्यासाठी काळीज घट्ट लागतं.

शिर्डीहून दर्शन घेऊन थेट दवाखान्यात आलेल्या एका जोडप्यानं मला कौतुकानं सांगितलं होतं की बाळाचं उष्टावण पेढ्यानं केलं. बाळ चार महिन्यांचं होतं. एका आजोबांनी नातीला चहात बुडवलेली खारी चालू केली होती, का, तर तिला दात नाहीत आणि खारी आपोआप विरघळते. हे सगळं मी पचवलं. पण पेढा काय, खारी काय, निदान माणसांचं खाणं आहे. स्नेहलच्या सासऱ्यांनी जे केलं त्याला माझ्या आयुष्यात तोड नाही, आणि ते मी अजून पुरतं पचवलेलं नाही.

स्नेहल आणि तिचा नवरा नीलेश दोघंही सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला. नीलेशच्या कंपनीत एक जपानी साहेब आला होता, बायको आणि लहान मूल घेऊन. त्या बाईंशी स्नेहलची मैत्री झाली, आणि मैत्रीखातर त्या बाईंनी खाऊचं एक पाकीट दिलं. ते पाकीट घेऊन स्नेहल माझ्यापुढे बसली. मांडीवर सात महिन्यांचा अर्णव, शेजारी श्रीरामपूरजवळच्या बेलापूरहून आलेले सासरे. त्यांना सगळे आबा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. उसाचे आणि कांद्याचे शेतकरी, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली, आणि नातवाच्या बाबतीत आईपेक्षा जास्त प्रश्न विचारणारे.

स्नेहलनं पाकिटातून एक काळपट हिरवा कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. मला तो कार्बन पेपर वाटला. "मॅडम, हे अर्णवला चालेल का? त्यांचा मुलगा रोज खातो," ती म्हणाली. मी म्हटलं, हे खातात? समुद्रातली वनस्पती आहे, वाळवून, भाजून असे पातळ कागद करतात, तिला नोरी म्हणतात, असं तिनं सांगितलं. मी चाट पडले. समुद्र आमच्यापासून एवढा लांब की नगरची निम्मी मुलं तो पहिल्यांदा शाळेच्या सहलीत बघतात, आणि हे पोर तो जेवणार होतं.

मला माहीत नव्हतं ते मला माहीत नाही असं सांगितलं, आठवडाभरानं या म्हटलं, आणि अभ्यासाला लागले. वाचलं, आमच्या डॉक्टरांशी बोलले, आणि शेवटी ती ठेवून गेलेला एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. तो टाळूला असा चिकटला की जीभ फिरवून फिरवून निघेना, बोट घालून काढावा लागला. मी शहाणीसुरती बाई एका कागदाच्या तुकड्यानं गुदमरले, आणि हे बाळाच्या तोंडात जाणार होतं.

पुढच्या खेपेला नीलेशही आला होता, मी तिघांना सगळं सविस्तर सांगितलं. सहा महिने पुरे झाल्यावर, खिमट आणि वरणभात अंगवळणी पडल्यावर हे थोडंसं द्यायला हरकत नाही, पण मीठ-मसाला न लावलेलं साधंच घ्यायचं. कागद किंवा तुकडा हातात कधीही द्यायचा नाही. बारीक चुरा करून गरम मऊ भातात पूर्ण भिजू द्यायचा. चिमूटभर, आठवड्यातून एखाद्या वेळी, रोज नाही. कारण समुद्रातल्या या वनस्पतींत आयोडीन भरपूर असतं, आणि ते जास्त झालं तर बाळाच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं काम बिघडतं. कोळंबीसारख्या जीवांचे बारीक अंशही त्यात कधी कधी येतात, तेव्हा ॲलर्जीवर लक्ष ठेवायचं. कोणताही नवा पदार्थ सकाळी द्यायचा, एका वेळी एकच, आणि मग दोन-तीन दिवस बघायचं, पुरळ येतंय का, उलटी-जुलाब होतायत का. आणि हे नाही दिलं तरी बाळाचं काही अडत नाही, नाचणी आहे, अंडं आहे, डाळी आहेत, हेही सांगितलं. ते मात्र कुणी ऐकलं नाही.

मी बोलता बोलता शेवाळ हा शब्द वापरला आणि आबा ताडकन सरळ बसले. "शेवाळ? हौदातलं?" त्यांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर अशी किळस होती की स्नेहल घाईघाईनं म्हणाली, "शेवाळ नाही हो आबा. सीवीड."

आबांचा चेहरा उजळला. "सीवीड व्हय? मग आसं म्हना की. त्ये तर लई भारी आसतंय. फुटवा कसला येतो त्यानं."

आम्ही तिघंही हसलो. मला वाटलं, शेतकरी माणूस, नातवाच्या वाढीला लाडानं फुटवा म्हणतोय. नीलेश तर शेतकऱ्याच्याच घरचा, पण शाळेपासून हॉस्टेलला राहिलेला, तोही हसला. आबांना पटलं याचाच आम्हाला आनंद. त्या दिवसापासून त्या घरात आणि माझ्या टेबलावर शेवाळ हा शब्द बंद झाला आणि सगळे सीवीड म्हणू लागले.

हे सगळं मी आमच्या सिस्टर शबाना आपांना सांगत होते तर त्या नाक मुरडून म्हणाल्या, छे, आमच्या घरी कुणी असलं तोंडात घेणार नाही. मी म्हटलं, आपा, रमजानमध्ये तुम्ही जे चायना ग्रासचं दूध घालून पुडिंग करता ना, ते चायना ग्रास समुद्रातल्या वनस्पतीचंच करतात. आपा मटकन खुर्चीत बसल्या. सासूबाईंना शेवटपर्यंत हे माहीत नव्हतं, असं दोनदा म्हणाल्या. मग मी त्यांना हेही सांगितलं की त्याच्या घट्ट वड्या तान्ह्या बाळांना देऊ नका, घशात अडकतात. ते त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

मध्ये एक खेप अशी झाली की स्नेहल आनंदानं म्हणाली, आता आम्ही सीवीडची जाड पट्टीही वापरतो, पाण्यात उकळून त्या पाण्यात रोज खिमट शिजवते. त्या जपानी बाईंनी स्वतःच्या सूपसाठी आणलेली पट्टी हिला दिली होती. कोंबू म्हणतात तिला, आणि आयोडीन सर्वांत जास्त तिच्यातच. मी तिला तडक डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी लगेच अर्णवचं थायरॉइड तपासायला सांगितलं. ते ठीक निघालं, पट्टी बंद झाली. मी घरी जाऊन यजमानांना सांगितलं की या प्रकरणातला सगळ्यात मोठा धक्का बसून गेला, आता पुढे निवांत. यजमान म्हणाले, बघू.

मग स्नेहलची बाळंतपणाची वाढवलेली सुट्टी संपली. पाळणाघराची सोय होईपर्यंत अर्णवला काही दिवस बेलापूरला आजी-आबांकडे ठेवायचं ठरलं. ती रोज फोन करायची, जेवला का, झोपला का. एका दुपारी मी दवाखान्यात डबा उघडत होते तेवढ्यात तिचा मला फोन आला. आवाज अगदी प्रसन्न. म्हणाली, मॅडम, एक विचारायचं होतं. नोरीचं पाकीट मी सुप्यालाच विसरले, पण आबांनी तिकडेच सीवीड मिळवलं. ते पातळ असतं म्हणे. पातळ असलं तर प्रमाण किती ठेवायचं?

मी विचारलं, पातळ म्हणजे काय?

"बाटलीतलं, मॅडम. काळसर पाणी. श्रीरामपूरला मिळालं त्यांना. आज पोराला देतो म्हणाले."

मी विचारलं, कोणत्या दुकानात मिळालं. तिला माहीत नव्हतं. मग मी विचारलं, बाटलीवर चित्र कसलं आहे. ती म्हणाली, आबांनी कालच फोटो पाठवलाय, मी नीट बघितलाच नाही, थांबा बघून सांगते. फोन कानाला लावून मी उभी राहिले. मग ती म्हणाली, "मॅडम, कांद्याचं चित्र आहे." आणि तिचा आवाज फुटला.

वाचकांत शेतकरी असतील तर त्यांना आधीच कळलं असेल. आमच्या जिल्ह्यात कुठल्याही खताच्या दुकानात सीवीड मागा, समुद्री वनस्पतीच्या अर्काची बाटली मिळते. पिकाला फुटवा यावा म्हणून पाण्यात मिसळून फवारतात किंवा ठिबकमधून सोडतात. अर्क काढायला त्यात तीव्र क्षार वापरतात, वर आणखी काय काय मिसळलेलं असतं ते बनवणाऱ्याला ठाऊक. आबा कित्येक वर्षं हे सीवीड कांद्याला देत होते. आम्ही तिघं शिकलेली माणसं त्यांच्यापुढे बसून तोच शब्द म्हणत होतो, आणि बाटली डोळ्यापुढे आलेली फक्त त्यांच्या.

मी स्नेहलला सांगितलं, आबांना आत्ता फोन कर, काहीही द्यायचं नाही. दिलं असेल तर उलटी करवायची नाही, दूध-मीठपाणी काही पाजायचं नाही, बाळाला घेऊन तडक श्रीरामपूरच्या मुलांच्या डॉक्टरकडे जायचं, आणि बाटली सोबत न्यायची. बाटली विसरू नका हे मी तिला तीन वेळा सांगितलं. तिनं फोन लावला तर आबा उचलेनात. शेवटी शेजाऱ्यांकरवी निरोप गेला, आणि आबा-आजी अर्णवला घेऊन मोटारसायकलवर निघाले एवढंच कळलं. बाळाला दिलं होतं का नाही, ते शेजाऱ्यांना माहीत नव्हतं.

स्नेहल आणि नीलेश सुप्याहून गाडी काढून निघाले. वाटेत नगर लागतंच, मी डॉक्टरांना सांगून रस्त्यावर येऊन उभी राहिले आणि त्यांच्या गाडीत बसले. आहार सांगणाऱ्या बाईचं तिथे जाऊन काय काम, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे त्या दिवशी मला जाणवले नाहीत. राहुरी गेली, कोल्हारला वळलो. बेलापूर मागे पडलं तेव्हा स्नेहल पुढे बघतच नीलेशला म्हणाली, "त्याला काही झालं असेल तर मी परत तुमच्या घरी पाय ठेवणार नाही. आणि अर्णवही नाही." नीलेश गाडी चालवत राहिला. त्याचे डोळे भरले होते आणि मला भीती वाटत होती की त्याला रस्ता दिसत नाही.

श्रीरामपूरच्या दवाखान्यात शिरलो तर अर्णव आजीच्या कडेवर बसून तिची माळ ओढत होता. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं होतं. तोंडात, घशात कुठे लाली नाही, पोट मऊ, पोरगं खेळतंय. किती दिलं ते आबा नीट सांगत नव्हते, म्हणून लक्ष ठेवू म्हणाले. बाटली त्यांच्या टेबलावर होती, नवीकोरी, नुकतीच फोडलेली. नातवाला फवारणीतलं उरलेलं कसं द्यायचं म्हणून आबांनी खास नवी आणली होती, दुकानातली सगळ्यात भारी.

आबा बाकावर बसले होते, टोपी हातात चुरगाळलेली. स्नेहलनं आधी पोराला छातीशी धरलं आणि मग त्यांच्यावर तुटून पडली. किती दिलं, कधीपासून देताय, दुकानदाराला तरी विचारायचं. आबा खालमानेनं म्हणाले, विचारलं हुतं. दुकानदाराला म्हनलं, ल्हान हाय आजून, झेपंल का. तो म्हनला, ल्हान आसंल तर निम्मं द्या, आठ दिसांनी परत द्या.

दुकानदाराला कांद्याचं रोप लहान आहे असं वाटलं होतं. मला हसू आलं नाही, आजही ते लिहिताना येत नाही. त्या दोघांनी एकमेकांशी किती सरळ, किती नीट बोलणं केलं होतं.

"किती दिलं ते सांगा," स्नेहल म्हणाली.

आबांच्या आधी आजीच म्हणाल्या, "पोराला कुठं दिलंय त्येंनी? चार रोज झालं, सवताच पित्यात."

आम्ही सगळे आबांकडे बघत राहिलो. डॉक्टरही. आबा माझ्याकडे बघून बोलू लागले, जणू चुकलं असेल तर जाब मलाच द्यायचा होता. म्हणाले, "म्याडम, तुमी म्हनला हुता, नवं कायबी दिलं की दोन-तीन दिस बघायचं. पुरळ येतंय का, जुलाब हुत्यात का. म्हनलं, पोरावर कशाला बघायचं? आपल्यावर बघू."

मी विचारलं, मग काही झालं का.

"जुलाब झालं. पन मला वाटलं भज्यानं झालं आसतील. म्हनून आजून एक दिस घेतलं, खात्री करायला. काल कमी वाटलं, म्हनून आज देनार हुतो."

वाटी तयार होती. खिमटात झाकणभर घालून ठेवलं होतं, भरवायला बसणार तोच शेजारी पोराला डॉक्टरकडे न्या म्हणत धावत आले. जुलाब झाले नसते तर ते एक दिवस आधीच दिलं गेलं असतं. इतकी वर्षं मी तोच नियम शेकडो आयांना सांगितला, आणि तो असा कुणी पाळला असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

डॉक्टर उठले आणि म्हणाले, पेशंट मग हे आहेत. आबांना आत नेलं, रक्त तपासलं, सलाईन लावली आणि एक दिवस ठेवून घेतलं. आबांचा त्याला कडक विरोध. पोरगं बरं हाय ना, मग मला कशाला, एवढंच ते म्हणत राहिले. स्नेहलनं त्यांच्या पलंगाजवळ जाऊन विचारलं, "आबा, तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?" आबा म्हणाले, "झालं आसतं तर झालं आसतं. कळलं तरी आसतं." मग स्नेहल तिथेच पलंगाच्या कडेवर बसून रडली. मीही रडले, उगाच लपवत नाही.

आबांच्या पोटाला पुढे आठ-दहा दिवस त्रास झाला, मग ते सावरले. त्यानंतर मी टेबलावर कुणालाही नुसतं नाव सांगितलं नाही. वस्तू आणून दाखवा, पाकीट दाखवा, घरात सगळ्यांना दाखवा, तुमच्याकडे याच नावाचं दुसरं काही असतं का ते विचारा, मग पुढचं. गोळ्या आणि पावडरी विकणारेही आता समुद्राचं नाव घेऊन दारात येतात, त्यांच्या बाबतीतही माझं हेच. माझ्या जागी आलेल्या मुलीलाही मी एवढंच शिकवून आले. तिला त्यात काय विशेष ते कळलं नाही, आणि कळायला लागू नये अशीच माझी इच्छा आहे.

दोनेक महिन्यांनी स्नेहलचा फोन आला. मी म्हटलं, काय गं, अर्णव बेलापूरला जातो की नाही? ती म्हणाली, तिथेच आहे, मॅडम, पण तुम्ही एकदा आबांशी बोला. ते आता पोराच्या तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट आधी स्वतः खातात. सर्दीचं औषध आणलं, आधी ते प्यायले. गोवराच्या लसीला घेऊन गेलो तर सिस्टरला म्हणाले, आधी मला टोचा.

मी विचारलं, मग टोचलं का?

"नाही टोचलं," ती म्हणाली. "पण पोराची सुई होईपर्यंत बाही वर करून बसले होते."